एकोणतीसच्या पुढचे आकडे

नॉर्थ रोनाल्डसे, ऑर्कनी
२ मे, गुरुवार

आई,

हे पत्र मी फेब्रुवारीपासून टाळतोय. आजारी होतो, पेन नव्हतं, पोस्ट लांब होतं, असलं काही सांगत बसत नाही. नुसतं टाळलं. पाच वेळा ‘आई’ लिहून स्वल्पविराम दिला आणि त्या स्वल्पविरामापाशी बसून राहिलो. एका कागदावर घरमालकीण इंगाने चहाचा कप ठेवला. एकाची मी होडी करून समुद्रात सोडली. चांगली तरंगली, म्हणजे शाळेत मी अगदीच काही वाया घालवलं नाही.

फोन कर की, असं तू म्हणशील. पण फोनवर तू आधी विचारणार, ‘पायात जाड मोजे आहेत का?’ मी म्हणणार, ‘हो.’ आणि संपलं. आपले सगळे फोन मोज्यांवर संपतात.

मी पार वर आहे, ऑर्कनीच्या शेवटच्या बेटावर. याच्यापुढे नुसतं पाणी. इथे बेटाभोवती एक दगडी गडगा आहे, छातीएवढा उंच, मैलोन्‌मैल. मेंढ्या आत आणि समुद्र बाहेर असं तुला वाटेल, पण उलटं आहे. मेंढ्या गडग्याच्या बाहेर, समुद्राच्या बाजूला ठेवतात. त्या शेवाळ खाऊन राहतात! आतलं चांगलं गवत फार खाल्लं तर आजारी पडतात म्हणे. दर हिवाळ्यात लाटा गडगा पाडतात आणि माझ्यासारखे उडाणटप्पू येऊन तो रचतात. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. मी इंगाच्या माडीवर राहतो. ती शहात्तर वर्षांची विधवा आहे आणि तोंडाने फटकळ आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली, “तुझे हात बघून वाटतं, तू आजवर फक्त खिसे भरलेस, तेही हातांनीच.”

हे सगळं मी का सांगतोय? मूळ गोष्ट लांबवायला.

शॉनाने मला कळवलंय. तुझी भाची आहे, तिच्या पोटात काही राहत नाही. बारा फेब्रुवारीचं तर तिने त्याच आठवड्यात लिहिलं होतं. एफीला तिच्या आईच्या, लिअ‍ॅनच्या, परसातल्या कोळशाच्या खोलीतून बाहेर काढलं. सोमवार होता, एफीचा तुझ्याकडे सांभाळायला यायचा दिवस नव्हता. लिअ‍ॅन वृद्धाश्रमातल्या दोन पाळ्या लागोपाठ करून आली, पोरीने काहीतरी सांडलं, तिने पोरीला आत बसवून कडी घातली, सोफ्यावर टेकली आणि तिचा डोळा लागला. दुपारी शेजारचे आजोबा कचरा टाकायला बाहेर आले तेव्हा त्यांना आतून आकडे ऐकू आले. कुणीतरी बारीक आवाजात आकडे म्हणत होतं. बाहेर पाणी गोठलं होतं. चार वर्षांची पोर, अंगात नुसता फ्रॉक. वाचली. आठ दिवस इस्पितळात होती आणि आता दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुणाच्या घरी आहे.

आणि परवा शॉनाने तुझं कळवलं. पाळणाघरांच्या नोंदणी खात्याने तुझ्या वह्या नेल्या. जानेवारीत तू तीनदा लिहिलं होतंस, ‘एफीच्या हाताची बोटं लाल, सुजलेली, खाजतात. आईला विचारलं. हातमोजे हरवले म्हणाली.’ तीनदा लिहिलंस, एकदाही वर कळवलं नाहीस, म्हणून मुलं सांभाळायला तू योग्य व्यक्ती आहेस की नाही, याचं उत्तर एकतीस मेपर्यंत द्यायचंय. आणि तू देणार नाहीस म्हणे. दारातल्या भिंतीवरचं प्रमाणपत्र तू स्वतःच उतरवलंस, आता तिथे नुसता खिळा आहे. जी चार पोरं अजून येतात त्यांना महिनाअखेरपर्यंत बघायचं आणि मग बंद करायचं. शॉनाला म्हणालीस, “बरोबर आहे त्यांचं. मला दिसलं नाही म्हणजे मी लायक नाही.”

बावीस वर्षं, आई. अर्ध्या गावाच्या पोरांना चमचा धरायला तू शिकवलंस.

तुझं चुकलं नाही. मला माहीत आहे. कसं माहीत आहे ते विचारू नको, एवढंच लिहायला तीन महिने लागलेत. उत्तर दे त्यांना.

पायात जाड मोजे आहेत.

नेड


९ मे, गुरुवार

आई,

तुझं काही आलं नाही. इथे टपाल विमानाने येतं. आठ माणसांचं इवलंसं विमान. इंगा स्वयंपाकघरातून आवाज ऐकून सांगते, ‘आज वारा उलटा आहे’ किंवा ‘आज पोस्टमनला उशीर’. मी रोज गडग्यावरून बघतो. पोस्टमन गाडीतून हात हलवतो. तुझ्यासाठी काही नाही, असा त्याचा अर्थ.

काल एक सील येऊन माझ्याकडे टक लावून बघत राहिला. अगदी तू बघायचीस तसा, मी वहीत सही न करता निसटायचो तेव्हा.

ती वही मला सारखी आठवते. निळी, दाराशी, दोरीला बांधलेलं पेन. मी नोव्हेंबरात दोन दिवसांसाठी म्हणून आलो आणि पहिल्याच सकाळी, डोळ्यांतली झोप गेली नव्हती, तू म्हणालीस, “नेड, सही.”

“आई, मी तुझा मुलगा आहे.”

“असशील. पावणेआठ वाजता पहिलं पोर येतं. पोरं असताना घरात जो मोठा माणूस आहे त्याची नोंद पाहिजे. आलास किती वाजता, चाललास किती वाजता, कशासाठी आलास.”

“कशासाठी?”

“तो रकाना आहे. भर.”

मी ‘उपासमार’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी ‘हवापालट’. एकदा ‘पाहुणचार बघायला; पाहुणचार बेताचा’. तू कधी हसली नाहीस. पण एकदा मी खिडकीबाहेरून पाहिलं, तू वही वाचत होतीस आणि तुझ्या ओठाचा एक कोपरा वर गेला होता. मग तू लगेच जिन्याच्या फाटकाकडे गेलीस आणि ते दोनदा ओढून पाहिलंस. कुठलंही फाटक लावलं की तू दोनदा ओढून बघतेस. जिन्याचं, अंगणाचं, लोकांच्या घरचं. बाबाच्या वेळी स्मशानाचंसुद्धा ओढून पाहिलं होतंस. मला तेव्हा हसू आलं होतं, आणि मग लाज वाटली होती.

पाहुणा दोन दिवसांचा असतो. मी नऊ आठवडे राहिलो. रोज पावणेआठला बाहेर, सहाला आत. मधला वेळ बंदरावर, ग्रंथालयात, कोळ्यांच्या चहाच्या टपरीत. पोरं असताना मी घरात नाही म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चाललो. तुला माहीत होतं की तसं नाही. तूच मला सांगितलंस, एका रविवारी, वाटाणे सोलताना:

“सोळाच्या वरचं कुणीही या घरात राहायला आलं की चौदा दिवसांत कळवावं लागतं मला. मग तुझी तपासणी होणार, मग ते ट्रॅक्टरचं वर येणार.”

“अठराव्या वर्षी एक ट्रॅक्टर भरतीच्या पाण्यात घातला, त्याला किती वर्षं पुरणार?”

“पोलिसांच्या कागदाला वय नसतं. फॉर्म भरून ठेवलाय मी. तारीख तेवढी टाकायचीय. तू जाणार आहेस की राहणार आहेस?”

“सोमवारी निघतो.”

मी हे नऊ रविवारी म्हटलं. तो फॉर्म चमच्यांच्या खणात होता, मी बघितलाय. माझं नाव तू पेन्सिलने लिहिलं होतंस. एवढी काटेकोर बाई! फ्रिजची थंडी दिवसातून दोनदा मोजून लिहिणारी, दर महिन्याला शिट्टी वाजवून पोरांना आगीचा सराव म्हणून थंडीत अंगणात उभं करणारी. आणि माझ्यासाठी तू पेन्सिल वापरलीस. तुझ्या बावीस वर्षांतली ती एकच लबाडी असेल, आणि ती माझ्या ‘सोमवार’मुळे.

लहानपणी मी तुझ्यावर रागावलेलो असायचो, तुला कळायचं की नाही कोण जाणे. माझ्या प्रत्येक खेळण्याला आठ पोरांची लाळ लागलेली. शाळेत माझं नाटक होतं, मंगळवारी. तू म्हणालीस, “मंगळवारी मी कुठे जाऊ शकत नाही रे, मंगळवारी सहाच्या सहा असतात.” माझी दाढ काढली, मंगळवार. आणि सोळाव्या वाढदिवसाला टेबलावर केक आणि केकशेजारी पोलिस तपासणीचा फॉर्म. “आज सोळा झाले ना तुला, सही करून टाक म्हणजे विसरणार नाही.” मी मेणबत्त्या विझवल्या आणि सही केली. वर्षभराने घर सोडलं. त्या फॉर्ममुळे नाही. पण मी सगळ्यांना ‘फॉर्ममुळे’ असंच सांगत आलोय, त्यावर लोक छान हसतात.

आता मुद्दा. अठरा जानेवारीचं वहीतलं पान आठव. गुरुवार. ‘नेड स्टोबर्ट, गेले ७.४५.’ ती सही खरी आहे. वेळ खरी आहे. पण मी परत आलो होतो. अंगात ताप होता, बंदरापर्यंतच जाऊ शकलो. तू पुढच्या दाराशी पोरांचे कोट काढत होतीस तेव्हा मी मागच्या दाराने शिरलो आणि वर जाऊन बाबागाड्यांच्या खोलीत झोपलो.

एफी एकदा वर येऊन डोकावून गेली. बस, तेवढंच.

वारा वाढलाय, सगळ्यांना गडग्यावर बोलावलंय. जातो.

नेड


१६ मे, गुरुवार

आई,

तेवढंच नव्हतं.

परवा मी रचलेला गडग्याचा तुकडा इंगाने काठीने ठोकून पाहिला. वरून देखणा दिसत होता. ती म्हणाली, “बाहेरून दोन रांगा छान रचल्यास आणि मधे नुसता चुरा भरलास. मेंढीने अंग घासलं तरी पडेल.” मग तिने विचारलं, “गुरुवारी गुरुवारी लिहितोस ती पत्रं आईला असतात की स्वतःला?”

“आईला.”

“मग तिला एकदा काहीतरी सांग की बाबा. टपालाचं विमान काय तुझ्या हवापाण्यासाठी उडतं?”

म्हणून सांगतो. मधे कुठे मेंढ्या आल्या तर कान धर माझा.

जिन्याचं फाटक मी उघडं ठेवलं. विसरलो नाही, मुद्दाम ठेवलं. लावताना ते खट्ट वाजतं आणि तू स्वयंपाकघरातून ऐकलं असतंस.

दहाच्या सुमाराला तू सगळ्यांत लहान पोराचा लंगोट बदलत असणार. एफी वर आली. एका पायात रबरी बूट, दुसऱ्या पायात मोजा. मी जमिनीवर गोधडीत.

“तू कोण?”

“पाहुणा.”

“पाहुणे खाली बसतात.”

“मी आजारी पाहुणा आहे.”

“लपलायस?”

“हो. सांगू नको कुणाला.”

हे मी आधी म्हणालो, आई. गुपिताची सुरुवात मी केली, तिने नाही.

ती म्हणाली, “मी पण लपते,” आणि बाबागाडीत चढून बसली. मग आकडे म्हणायला लागली. एकोणतीसपर्यंत आली आणि परत एकपासून. परत एकोणतीस, परत एक. मला हसू आलं. म्हटलं, “अगं वेडे, पुढे तीस.”

ती हसली नाही. “पुढचे सांग. मला शंभरपर्यंत पाहिजेत.”

“एवढी घाई कसली? शाळेत शिकवतील की.”

“शंभर झाले की मम्मी दार उघडते.”

“कसलं दार?”

“काळ्या घराचं. कोळसे असतात तिथलं. वाईट वागलं की शंभर म्हणायचे. मला शंभर येत नाही. मी एकोणतीस म्हणते आणि परत म्हणते, पण मम्मी म्हणते हे शंभर नाहीत.” मग म्हणाली, “डोडोला सांगू नको.”

डोडो म्हणजे तू. मी विचारलं, का?

“मम्मी रडते. मम्मीला नेतील.”

आणि मी म्हणालो, “नाही सांगणार.” तिने करंगळी पुढे केली, मी त्यात माझी अडकवली. तिचं बोट गरम होतं आणि सुजून चकचकीत झालं होतं.

चहाच्या कपाटाच्या दाराला आतून तू कागद चिकटवलाय. जन्मभर साखर काढताना वाचत आलोय. वर फोन नंबर, खाली चार ओळी. ‘ऐकून घ्या. खोदून विचारू नका. गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका. लगेच लिहा, लगेच कळवा.’ मला पाठ आहे तो. ज्या गोष्टी पाठ असतात त्या आपल्यासाठी नसतात असं वाटतं.

आणि मी काय केलं ते ऐक. मी तिला आकडे शिकवले. माझ्या कोटाच्या बटणांवर बोट ठेवून. तीस, एकतीस, बत्तीस. मला वाटलं, मी मदत करतोय. शंभर आले की लवकर सुटेल बिचारी. चाळीसपर्यंत आणलं. हुशार आहे. पुढचं कसं चालतं तेही तिच्या लक्षात आलं होतं, ‘पन्नासपण असंच असणार’ म्हणाली. मग खालून तुझा आवाज आला, “एफी? कुठे गेलीस गं राणी?” ती पायरी पायरीने खाली गेली, आणि तू म्हणालीस, “अगं बाई, हे फाटक कुणी उघडं ठेवलं?” तिने सांगितलं नाही. तिने वचन पाळलं. संध्याकाळी तू वहीत लिहिलंस, ‘जिन्याचं फाटक उघडं राहिलं. इजा नाही. चूक माझी.’ माझ्यासमोर लिहिलंस. मी टोस्ट खात होतो.

शुक्रवारी तू तिच्या प्रगतीच्या वहीत चांदणी चिकटवलीस आणि मला मोठ्याने वाचून दाखवलंस: “‘एफी आता चाळीसपर्यंत मोजते!’ कालपर्यंत एकोणतीसला अडायची रे. कुठून शिकली कोण जाणे.” किती खूश होतीस. मी म्हटलं, “पोरं शिकतात कुठून तरी.”

रविवारी म्हणालो, सोमवारी निघतो. आणि त्या सोमवारी खरंच निघालो. तू दारात म्हणालीस, “खरंच?” मग चमच्यांच्या खणातून तो फॉर्म काढून फाडलास आणि हसून म्हणालीस, “बरं झालं पाठवला नाही.”

फेब्रुवारीपासून मी स्वतःला सांगत होतो की हे मी तुझ्यासाठी केलं. बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता, तू त्या वेळी त्या घरात काय करत होतास? वही खोटी ठरली असती, नऊ आठवडे बाहेर आले असते, तुझी नोंदणी गेली असती. हे खरं आहे. पण पुरतं खरं नाही. पुरतं खरं असं की चोवीस वर्षांचा बाप्या, पोलिसांत नाव असलेला, चोरून घरात शिरलेला, लपलेल्या खोलीत एका लहान पोरीबरोबर. पहिलं बोट कुणाकडे वळेल? मी तिच्याबद्दल विचार करायच्या आधी माझ्याबद्दल केला. ती जिन्यावरून खाली जात होती तेव्हाच केला.

आणि आणखी एक, हे लिहायला सगळ्यांत लाज वाटते. शॉनाने जेव्हा कळवलं की आजोबांना शंभरपर्यंतचे आकडे ऐकू आले म्हणून ती सापडली, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. बघा, माझेच आकडे कामी आले! दोन दिवस मी त्यावर जगलो. मग इथे एका थंड दुपारी गडग्याच्या आडोशाला बसून मी एक ते शंभर म्हणून पाहिलं. मग परत. किती वेळा म्हटलं असेल तिने, आई? तिला तर आता शंभर येत होते, आणि दार उघडलं नाही.

लिअ‍ॅनवर मला नीट रागावताही येत नाही. माझ्या वर्गातली, माझ्याबरोबर तुझ्या स्वयंपाकघरात वाढलेली. तुझं पहिलं सांभाळलेलं पोर तीच ना? तू आम्हाला मारलं नाहीस कधी. खालच्या पायरीवर बसवायचीस, वीस म्हणेपर्यंत, आणि समोर उभी राहायचीस. तिने तुझी पायरी नेली आणि कोळशाच्या खोलीत ठेवली. समोर उभं राहणं तेवढं नेलं नाही. मला वाटतं, म्हणूनच तू तिच्या हातमोज्यांवर विश्वास ठेवलास. आपल्या हातची पोर खोटं बोलेल असं वाटलं नाही तुला.

बोटांची ती तीन पानं तुझी आहेत, ती मला पुसता येत नाहीत. पण चौथं पान माझ्याकडे होतं. ते तुझ्या वहीत असतं तर तू त्याच मिनिटाला फोन उचलला असतास. मंगळवार असो नाहीतर काहीही. हे मला जसं माहीत आहे तसं दुसरं काहीच माहीत नाही.

उद्या सकाळी इंगाच्या फोनवरून खात्याला सांगणार आहे. हे पत्र तुला पोचेल तोवर सांगून झालं असेल, म्हणजे तू मला अडवू शकणार नाहीस. की अडवलं नसतंस?

नेड


२८ मे, मंगळवार

आई,

आज गुरुवार नाही, पण गडग्याला सुट्टी आहे. पाऊस आडवा लागतोय.

फोन केला. इंगा शेजारी बसून लोकर विंचरत होती. मी म्हटलं, जरा बाहेर जातेस का? तर म्हणाली, “माझा फोन, माझं स्वयंपाकघर. बोल तू.” बसली ते बरं झालं.

तिकडची बाई शांत होती. आधी माझं नाव, वय, पत्ता. पत्ता म्हटल्यावर मी अडलो, गडगा पत्ता होतो का? मग तिने तेच विचारलं जे विचारणार हे मला माहीत होतं. किती वेळ होतात त्या खोलीत? दार उघडं होतं का? तुम्ही तिला हात लावलात का? मी म्हटलं, करंगळी. तिने ते लिहून घेतलं, संगणकाच्या बटणांचा आवाज आला. माझे कान जळत होते, पण विचारलंच पाहिजे त्यांनी. तू असतीस तर तूही विचारलं असतंस.

मग म्हणाली, “हे तुम्ही चार महिने का सांगितलं नाही?”

“घाबरलो.”

“आईच्या नोंदणीसाठी?”

“माझ्यासाठी.”

बटणांचा आवाज परत आला. इकडे लोकर विंचरायचा आवाज थांबला.

नऊ आठवड्यांचंही सांगितलं. पेन्सिलचं सांगितलं. दर रविवारी मी काय म्हणायचो ते सांगितलं. ती म्हणाली, हे मात्र तुझ्या विरोधातच धरावं लागेल, घरात राहणारा माणूस म्हणजे राहणारा माणूस. तेव्हा, आई, मी तुझं एक ओझं काढलं आणि दुसरं ठेवलं. मला तिकडे येऊन सगळं समोरासमोर सांगून सही करायची आहे. सात जूनला. येतो. वहीत सही करतो, कारणाच्या रकान्यात या वेळी खरं लिहितो.

शेवटी मी विचारलं, “एफी कशी आहे?”

“ते मला सांगता येणार नाही.”

बरोबर आहे. मी तिचा कुणी नाही. एक आजारी पाहुणा. पण फोन ठेवला आणि मनात आलं. या जगात आता कुठेतरी एक पोर आहे जिला शंभरपर्यंत येतात, आणि तिला ते कुणी शिकवले हे तिच्या नव्या घरात कुणालाच माहीत नाही. चांदणी देतील तिला. ती घेईल का, माहीत नाही.

इंगा म्हणाली, “रचलास?”

मी म्हटलं, “एक दगड.”

“असू दे. आतून आहे ना?”

आज अठ्ठावीस. एकतीसला तीन दिवस राहिले. अजून लिही त्यांना. एक ओळ लिही, ‘मला हे सांगितलं गेलं नव्हतं.’ लायक आहेस की नाही हे त्यांना ठरवू दे, पण तू भिंतीवरून स्वतःच उतरू नको. त्या खिळ्याकडे बघत तू चहा पीत असशील हे माझ्याच्याने

थांब. खालून इंगा ओरडतेय. विमान येऊन गेलं म्हणे, या पावसात, आणि पोस्टमनच्या गाडीतून एक बाई उतरली. बेटावरची नाही. “तुझ्यासाठी असेल, माझ्याकडे कोण मरायला येतंय!”

खात्याचं माणूस असेल. इतक्या लवकर? मी खिडकीतून बघतोय. काच धुरकट आहे. बुटकी बाई, तांबडा रेनकोट, हातात छत्री नाही, छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी धरलंय. अंगणाच्या फाटकातून आत आली. पावसात उभी राहिली, मागे वळली, फाटक लावलं.

ओढून पाहिलं. परत ओढून पाहिलं.

आई, आज मंगळवार आहे. मंगळवारी तू कुठेच जात नाहीस.